कडी काढण्याची वेळ

३१ ऑक्टोबर २०१४ या दिवशी महाराष्ट्राचं लक्ष वानखेडे स्टेडियमकडे होतं. देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी राजभवनात न होता भर मैदानात झाला होता, आणि रात्री जेवणं आटोपेपर्यंत त्याचीच चर्चा चालली होती. आपल्याकडे साडेदहा वाजून गेले तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात सकाळचे दहा वाजून सात मिनिटं झाली होती. तिथे चौदा किलोमीटर उंचीवर एक पांढरं यान आपल्या वाहक विमानापासून सुटलं आणि तेरा सेकंदांत त्याचे तुकडे झाले. पैसे भरून अंतराळात जाऊ पाहणाऱ्या सातशेच्या आसपास लोकांनी ज्या बनावटीच्या यानासाठी जागा राखून ठेवल्या होत्या, ते हे यान. आत दोन चाचणी वैमानिक होते. एक वाचला.

तेरा सेकंदांचा हिशेब सेकंदांतच मांडता आला असता. पण घड्याळ जरा मागे न्यावं लागतं.

१० वर्षं ३४ दिवस बाकी

२७ सप्टेंबर २००४, लंडन. रेकॉर्डपासून कोलापर्यंत सगळं विकून झालेले रिचर्ड ब्रॅन्सन जाहीर करतात की आता अंतराळाची तिकिटं विकायची. कंपनीचं नाव व्हर्जिन गॅलॅक्टिक, भाडं दोन लाख डॉलर आणि पहिली फेरी २००७ च्या सुमारास.

ही नुसती फुशारकी नव्हती. तीनच महिन्यांपूर्वी, २१ जूनला, मोहावेतल्या स्केल्ड कॉम्पोझिट्स या छोट्या कंपनीच्या ‘स्पेसशिपवन’ने शंभर किलोमीटरची रेषा ओलांडली होती. सरकारी पैशाशिवाय माणूस अंतराळात नेऊन आणण्याची ती पहिली वेळ. त्यामागचं डोकं बर्ट रुटान यांचं. वर जाणं त्यांना फारसं अवघड वाटत नव्हतं. खरी डोकेदुखी खाली येण्याची होती. वातावरणात परतताना यान वेडंवाकडं शिरलं तर मोडतं, आणि सरळ ठेवायचं तर वैमानिकाला कसरत करावी लागते. रुटाननी उत्तर काढलं ते बॅडमिंटनच्या फुलाचं. फूल कसंही भिरकावा, बूच पुढे आणि पिसं मागे करून ते आपोआप सरळ होतं. (साहेबांच्या छावणीत हा खेळ ‘पूना’ म्हणून ओळखला जायचा. पुणेकरांनी श्रेय घ्यायला हरकत नाही.)

तर यानाच्या शेपटीचे दोन दांडे वर अवकाशात पोचल्यावर साठ अंशांत उभे करायचे. यान फुलासारखं डुलत खाली येतं, हवा दाट झाली की दांडे पुन्हा आडवे करायचे आणि ग्लायडरसारखं धावपट्टीवर उतरायचं. या व्यवस्थेचं नाव ‘फेदर’, म्हणजे पीस. आजवरच्या अंतराळयानांतल्या देखण्या कल्पनांपैकी ही एक, असं माझं मत आहे, आणि पुढे जे झालं त्याने ते बदललेलं नाही.

७ वर्षं ३ महिने बाकी

२६ जुलै २००७. मोहावेत इंजिनाच्या नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट होतो. तिघे ठार, तिघे जखमी. इंजिन पेटवलेलंही नव्हतं. त्या दिवसापासून या प्रकल्पात भीतीला एक पत्ता मिळाला: नायट्रस आणि इंजिन. नजर तिकडेच लागून राहिली.

चार वर्षांहून अधिक बाकी

आता फेदरच्या कडीबद्दल. व्हर्जिनसाठी स्केल्डने बांधलेलं नवं यान, ‘स्पेसशिपटू’, मोठं होतं: साठ फूट लांब, दोन वैमानिक, सहा प्रवासी. शेपटीचे दांडे हलवायला दट्टे होते आणि ते नको तेव्हा हलू नयेत म्हणून वेगळी कुलपं होती. ती कॉकपिटमधल्या एका दांड्याने उघडायची. दारावर आधी कडी असते आणि मग मूठ, तसाच हा प्रकार. कडी काढली म्हणून दार उघडत नाही, मूठही फिरवावी लागते.

मात्र हे दार नेहमी सारखंच वागत नव्हतं. यान ध्वनीच्या वेगाच्या आसपास असतं तेव्हा हवा शेपटीला वर ढकलते, आणि इतक्या जोराने की एकटे दट्टे तिला धरून ठेवू शकत नाहीत. त्या टप्प्यात सगळी मदार कडीवर. मरिन ड्राइव्हवर ऐन जुलैत छत्री धरून उभं राहिलेल्याला हे अधिक सांगायला नको. ध्वनीच्या वेगाच्या बरंच पुढे गेलं की हीच हवा शेपटीला उलट खाली दाबते, मग कडी काढली तरी बिघडत नाही.

मग वर पोचल्यावरच कडी का काढू नये? कारण ती अडकली तर? अवकाशात पोचल्यावर फेदर उघडलं नाही तर परतीचा मार्ग धोक्याचा. म्हणून इंजिन चालू असतानाच, ध्वनीच्या १.४ पट वेगाला, कडी काढून बघायची. १.५ पटीपर्यंत निघाली नाही तर पडद्यावर इशारा. १.८ पर्यंत निघाली नाही तर उड्डाण तिथेच सोडून द्यायचं. १.४ ते १.५ यांच्यामध्ये वेळ किती? जेमतेम पावणेतीन सेकंद.

उशीर झाला तर काय, हे असं टप्प्याटप्प्याने लिहून ठेवलेलं होतं. घाई झाली तर काय, हे उड्डाणाच्या कार्डावर नव्हतं. ध्वनीच्या वेगाजवळ कडी काढली तर यान जाईल, हे स्केल्डमध्ये कोणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. तपासकर्त्यांनी नंतर कागद उपसले तेव्हा त्यांना २०१० ची एक ई-मेल आणि २०११ च्या एका सादरीकरणातला उल्लेख सापडला. इतक्या वर्षांच्या कागदांत एवढंच.

कुकरचं आतून बसणारं झाकण आठवा. वाफ कोंडलेली असताना ते उघडायला जा, उघडत नाही. आतला दाबच ते घट्ट धरून ठेवतो. कुकर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की घरात कोणीतरी घाई करणार: पाहुणे आलेत, पोराची शाळेची रिक्षा दारात उभी आहे. स्पेसशिपटूच्या रचनाकारांनी गृहीत धरलं होतं की कसलेला वैमानिक अशी घाई करणार नाही.

१८ महिने बाकी

२९ एप्रिल २०१३. स्पेसशिपटू पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर उडतं, सोळा सेकंद. उजव्या आसनावर सहवैमानिक मायकल ऑल्सबरी. या यानातली इंजिनाची धडधड, तो दणका, आसनात चेपलं जाणं त्याने अनुभवलं ते त्या दिवशी. पुढच्या दोन इंजिन-उड्डाणांत तो नव्हता. सरावासाठी सिम्युलेटर होता, पण तो जमिनीवर पक्का बसवलेला. त्यात थरथर नव्हती आणि छातीवर बसणारं वजनही नव्हतं.

१५ महिने बाकी

जुलै २०१३. चाचणी उड्डाणांची परवानगी अमेरिकेचं संघीय विमानवाहतूक प्रशासन देतं. नियम असा की माणसाच्या आणि सॉफ्टवेअरच्या चुकांतून काय धोके उद्भवतील याचं विश्लेषण अर्जात हवं. स्केल्डच्या अर्जात ते नियमात बसेल असं नव्हतं. प्रशासनाने मग काय केलं, तर त्या अटीतून कंपनीला सूट देऊन टाकली. कंपनीने ती मागितलीही नव्हती. अर्ज १२० दिवसांत निकालात काढायचा असतो, आणि तपासणाऱ्यांवर वरून घाईचा दबाव होता. सरकारी कचेरीतली फाइल वेळेत हलली म्हणून तक्रार करण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. इथे तो येतो.

या सगळ्यामागे २००४ चा एक कायदा आहे. धंदा नवा आहे, त्याला आताच नियमांनी जखडू नका, असं अमेरिकी संसदेने ठरवलं. जमिनीवरच्या लोकांची सुरक्षा सरकारने पाहायची. यानात बसणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम मात्र काही वर्षं करायचेच नाहीत. ती ‘काही वर्षं’ पुढे वाढतच गेली. कायद्यात तर ‘प्रवासी’ हा शब्दही नाही, ‘सहभागी’ आहे. सहभागी माणसाला लेखी कळवायचं की हे यान माणसं नेण्यास सुरक्षित असल्याचं सरकारने प्रमाणित केलेलं नाही, आणि खाली त्याची सही घ्यायची.

६६ तास ४५ मिनिटं बाकी

२८ ऑक्टोबर २०१४, संध्याकाळ. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियात, अवकाशस्थानकाला सामान नेणारं अँटारिस रॉकेट उडाल्यावर काही सेकंदांतच तळावर कोसळतं. माणूस दगावत नाही, पण आगीचा गोळा जगभर दिसतो. याचा मोहावेशी काडीचा संबंध नव्हता. तरी त्या आठवड्यात मोहावेतही लोकांच्या डोळ्यांपुढे इंजिन आणि आग हेच असणार.

त्यात मोहावेचं इंजिनही नवं होतं. मे महिन्यात ठरलं होतं की रबराच्या जातीचं इंधन सोडून नायलॉनच्या जातीचं वापरायचं. हवेत ते पहिल्यांदाच पेटणार होतं, तेही ३८ सेकंद. आधीच्या तीन उड्डाणांत वीस सेकंदांच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर, सकाळ

मोहावे हे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरवरचं रुक्ष गाव. निवृत्त झालेली प्रवासी विमानं तिथल्या कोरड्या हवेत ओळीने उभी करून ठेवतात. गंजत नाहीत म्हणे. त्याच धावपट्टीवर एका बाजूला विमानांचं वृद्धाश्रम आणि दुसऱ्या बाजूला भविष्यकाळ.

डाव्या आसनावर ४३ वर्षांचा पीटर सीबोल्ड, स्केल्डच्या उड्डाण विभागाचा प्रमुख. २००४ मध्ये स्पेसशिपवनही त्याने इंजिनावर उडवलं होतं. उजवीकडे ३९ वर्षांचा ऑल्सबरी. दोघांच्या अंगात साधे उड्डाणपोशाख, पाठीवर पॅराशूट. अंतराळवीरांचे दाबबंद पोशाख नाहीत, कारण उद्या प्रवाशांनाही ते मिळणार नव्हते. यानाची बंद केबिन हाच पोशाख.

४८ मिनिटं बाकी

सकाळी ९ वाजून १९ मिनिटं. दोन धडांचं वाहक विमान स्पेसशिपटूला मधोमध पोटाशी धरून उडतं. विमानाचं नाव ‘ईव्ह’, ब्रॅन्सन यांच्या आईचं. यानाचं नाव ‘एंटरप्राइज’.

पाऊण तासाची संथ चढण. यानातल्या दोघांचं काम तपासण्यांचं: इंधन, झडपा, ट्रिम (शेपटीच्या पंखांचा कोन), कार्डावरच्या ओळी. सुटल्यावर कार्ड बघायला वेळ नसतो, म्हणून पुढच्या अर्ध्या मिनिटातली कामं तोंडपाठ हवीत. सहवैमानिकाची कामं ओळीने अशी: इंजिन पेटल्यावर ध्वनीच्या ०.८ पट वेगाला हाळी द्यायची. ट्रिम बदलायचं. मग १.४ ला कडी काढायची.

दोन आकडे, दोन्ही वेगाचेच. एकाला बोलायचं, दुसऱ्याला हात चालवायचा.

१३ सेकंद बाकी

१० वाजून ७ मिनिटं १९ सेकंद. उंची ४६ हजार फुटांच्या वर. ईव्ह यानाला सोडते. क्षणभर सगळं हलकं होतं.

दोन-तीन सेकंदांत इंजिन पेटतं. मागून कोणी लाथ घालावी तसा धक्का, कॉकपिट थरथरतं, पोशाखातलं अंग आसनात रुततं. दीड वर्षांत ऑल्सबरीने हे अनुभवलेलं नाही. सीबोल्ड यान वर वळवण्याच्या तयारीत.

सुमारे ६ सेकंद बाकी

ऑल्सबरी ०.८ ची हाळी देतो. बरोबर वेळी, बरोबर आकडा. मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान याच वेगाने जातं, म्हणजे इथवर भीतीदायक काही नाही.

सुमारे ४ सेकंद बाकी

आणि लगेच त्याचा हात कडीच्या दांड्यावर जातो. कडी काढतोय, असं तो म्हणतोही. कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याने तो हात टिपला आहे. त्यात गोंधळ दिसत नाही आणि चाचपडणंही नाही. शिकवल्याप्रमाणे नीट केलेलं काम, फक्त वेळ चुकली.

असं का झालं, हे तो सांगू शकला नाही, त्यामुळे त्याच्या मनात शिरणं बरं नव्हे. तपासकर्त्यांनी मांडलं ते एवढंच: वेळेचा ताण, विसरलेली थरथर, अंगावरचं वजन, आणि सगळं पाठांतरावर. पावणेतीन सेकंदांची खिडकी चुकली तर इशारा येणार, अजून चुकली तर महिन्यांची तयारी वाया जाऊन उड्डाण रद्द. ज्याला उशिराचीच धास्ती घातली आहे त्याच्याकडून चूक झालीच तर ती लवकरच्या बाजूला होणार. हे मला कोणत्याही अहवालाशिवाय पटतं. दहावीच्या पेपरात घड्याळाकडे बघत धावणारी मुलं शेवटच्या पानाऐवजी पहिल्या पानावर चुका करतात.

शेजारी बसलेल्या सीबोल्डला कडी निघाल्याचं कळलं नव्हतं. तसं त्याने पुढे तपासकर्त्यांना सांगितलं. कळलं असतं तरी त्याच्या हातात काय होतं? खाली नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या हातात तर त्याहून कमी.

शून्य

मूठ कोणी फिरवली नव्हती. पण यान ध्वनीच्या वेगाला भिडत होतं आणि शेपटीखालची हवा दट्ट्यांपेक्षा जोरकस ठरली. पिसं आपोआप उभी राहू लागली. अवकाशातल्या निर्वातात अलगद उघडायची ती रचना दाट हवेत, ध्वनीच्या वेगाला, इंजिन पूर्ण जोरात असताना उघडली. यान एकदम वर उलटलं आणि तो भार कार्बनच्या कवचाला पेलवला नाही. १० वाजून ७ मिनिटं ३२ सेकंदांच्या आसपास खाली येणारी माहिती थांबली.

स्फोट नाही. आग नाही. इंजिन शेवटपर्यंत चोख चाललं.

नंतर

सीबोल्डला आठवतं ते मोठा आवाज, केबिनमधली हवा निघून जाणं आणि चहूबाजूंनी कागद फडफडावेत तसा यान फाटत जाण्याचा आवाज. मग तो आकाशात होता, आसनाला बांधलेला, उणे पन्नासच्या खालच्या हवेत, जिथे श्वास घेऊन उपयोग नसतो. त्याने पट्टे सोडवले. पॅराशूट ठराविक उंचीवर आपोआप उघडण्याची सोय होती आणि ते उघडलं. तो झुडपांत उतरला, हाड मोडलेला, पण जिवंत. ऑल्सबरी अवशेषांत सापडला.

म्हणजे त्याच यानात एक वस्तू स्वतःच उघडेल अशी केली होती, कारण माणूस बेशुद्ध असू शकतो हे पॅराशूट बनवणाऱ्याने धरलं होतं.

थोड्याच वेळात व्हर्जिन गॅलॅक्टिकने ट्विटरवर कळवलं की उड्डाणात ‘ॲनॉमली’ आली आहे. अभियंत्यांचा सभ्य शब्द, विसंगती. एसटी दरीत गेली तर आपल्याकडे कोणी तिला विसंगती म्हणणार नाही. दुपारच्या पत्रकार परिषदेत मोहावेच्या तळाचे प्रमुख म्हणाले की त्यांना खालून वावगं काही दिसलं वा ऐकू आलं नाही. बरोबरच होतं. आग किंवा स्फोट झालाच नव्हता.

तरीही दोन दिवस जगभर इंजिनालाच शिव्या बसल्या: नवं इंधन, नायट्रस, २००७, आम्ही आधीच सांगितलं होतं. २ नोव्हेंबरच्या रात्री तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे ख्रिस्तोफर हार्ट यांनी सांगितलं की इंजिन आणि टाक्या शाबूत सापडल्या आहेत, आणि चित्रफितीत फेदरची कडी आधीच निघालेली दिसते.

२८ जुलै २०१५ ला मंडळाने वॉशिंग्टनमध्ये निष्कर्ष वाचला. मुख्य कारण म्हणून त्यांनी ऑल्सबरीचा हात लिहिला नाही. एका माणसाच्या एका चुकीने यान जाऊ शकतं हा विचारच स्केल्डने केला नाही आणि त्यावर उपाय ठेवला नाही, असं लिहिलं. सहवैमानिकाची घाई त्यानंतर येते. विमानवाहतूक प्रशासनालाही ती सूट दिल्याबद्दल ऐकावं लागलं.

दुसरं यान, ‘युनिटी’, तोवर अर्धंमुर्धं बांधून झालं होतं. त्यात धोक्याच्या टप्प्यात कडीचा दांडा हलूच नये असा अडथळा बसवला. कुकरच्या झाकणाची अक्कल उशिरा आली. ११ जुलै २०२१ ला त्यातून स्वतः ब्रॅन्सन गेले, सोबत आंध्रात जन्मलेली सिरिशा बांदला होती. २०२३ पासून तिकीटवाले जाऊ लागले, आणि ८ जून २०२४ ला युनिटीची शेवटची फेरी झाली. भाडं एव्हाना साडेचार लाख डॉलरवर गेलं होतं. प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम न करण्याची मुदत २०२८ पर्यंत वाढली आहे, त्यामुळे सही करायचा कागदही तोच.

केनेडी स्पेस सेंटरमध्ये अंतराळमोहिमांत गेलेल्यांचं स्मारक आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या आरशासारख्या भिंतीत नावं आरपार कोरलेली, मागून उजेड येतो आणि अक्षरं आकाशात लिहिल्यासारखी दिसतात. कल्पना चावलाचं नाव त्यात आहे. २०२० मध्ये तिथे मायकल ऑल्सबरीचं नाव कोरलं गेलं. तो अंतराळापर्यंत कधी पोचला नव्हता.